मशीन चालू पाहिजे

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाला लागून फ्रँकलिन पार्क नावाचं गाव आहे. गोदामं, मालगाड्यांचे रूळ, ट्रकांचे तळ, असं कारखानी गाव. १९८० च्या अखेरीस इथल्या मिडवे कंपनीतून पिवळ्या रंगाच्या, पुरुषभर उंचीच्या लाकडी पेट्या ट्रकांत चढू लागल्या. त्यांतला खेळ 'पॅक-मॅन', जपानच्या नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांनी रचलेला; अमेरिकेत तो बनवून विकायचा परवाना मिडवेकडे. पॅक-मॅनच्या एकट्या अमेरिकेत सुमारे एक लाख पेट्या बनल्या. तिथून शहराकडे आलं की कॅलिफोर्निया अव्हेन्यूवर विल्यम्सचा कारखाना होता; 'डिफेंडर' आणि 'रोबोट्रॉन' हे त्यांचे खेळ. या पेट्यांत बसवलेल्या पडद्यांपैकी कितीतरी पडदे वेल्स-गार्डनर या शिकागोच्याच कंपनीचे. व्हिडिओ गेमच्या धंद्याच्या उभारणीचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या अटारीला दिलं जातं ते योग्यच आहे. पण नाणं टाकून चालणारी मशिनं घडवण्याची कारागिरी, पिनबॉलपासून ज्यूकबॉक्सपर्यंत, या शहराच्या हाडीमाशी मुरलेली होती.

मी याच शहराच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि माझ्या तळघरात अशी चार मशिनं उभी आहेत: मिस पॅक-मॅन, गॅलागा, रोबोट्रॉन आणि टेम्पेस्ट. पहिली तीन शिकागो परिसरात बनलेली, चौथं अटारीचं. ती ठेवायची की सोडायची, आणि सोडली तर मोकळ्या झालेल्या हातांना कोणतं काम द्यायचं, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्यासमोर आहे. बहुतेक संग्राहकांसमोर तो आहे. ज्यांनी १९८० च्या दशकात ही मशिनं नवी असताना खेळली, ती मंडळी आता साठीच्या आसपास आहेत. एकेक मशीन सव्वाशे-दीडशे किलोचं. तळघराच्या जिन्यावरून ते खाली नेताना चार माणसं लागतात आणि वर आणताना त्यांच्या पाठी आणखी काही वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या असतात. मुलं दूर गेलेली, घर लहान करायचं चाललेलं. संग्राहकांच्या घरच्या जेवणांत हल्ली कोणी काय नवं मिळवलं याच्यापेक्षा कोण काय काढून टाकतंय याचीच चर्चा जास्त होते.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर ही मशिनं घरात आली कशी, इथपासून सुरुवात करावी लागते.

ती घरासाठी बनलीच नव्हती. मशीन दुकानदाराचंही नसायचं. ते ऑपरेटर नावाच्या माणसाचं असायचं. पिझ्झाचं दुकान, बार, कपडे धुण्याचं लॉन्ड्रोमॅट, अशा ठिकाणी तो ते ठेवी, ठरल्या दिवशी येऊन गल्ला उघडी आणि दुकानदाराला त्याचा वाटा देई. १९८२ च्या जानेवारीत 'टाइम' साप्ताहिकाने या वेडावर मुखपृष्ठकथा केली, तेव्हा आदल्या एका वर्षात अमेरिकनांनी पाव-पाव डॉलरची नाणी टाकून पाच अब्ज डॉलर या मशिनांत ओतल्याचा हिशेब मांडला होता. त्यानंतर फार लवकर ओहोटी लागली. घरी खेळायचे संच आले, नव्या खेळांची गर्दी झाली, पार्लरं बंद पडू लागली. ऑपरेटरला आठवणींशी काही देणंघेणं नव्हतं. खेळ कमाई देईनासा झाला की आतला बोर्ड काढायचा, दुसऱ्या खेळाचा बसवायचा, बाजूच्या चित्रावर काळा रंग मारायचा. हजारो सुंदर पेट्या अशा विद्रूप झाल्या. हजारो ओल्या गोदामांत उभ्या राहिल्या आणि पार्टिकल बोर्ड खालून पाणी पिऊन फुगलं. उरलेल्या कचऱ्यात गेल्या.

१९९० च्या दशकात ऑपरेटरांच्या लिलावांत ही मशिनं शे-दोनशे डॉलरला मिळत. संग्राहक जन्माला आला तो इथे. त्याने ती ट्रकमध्ये घातली, गॅरेजमध्ये आणली, कोळ्यांची जाळी झाडली आणि चालू केली. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' नावाचं जुनं प्रवासी जहाज कायमचं नांगरून ठेवलेलं आहे. १९७९ पासून काही वर्षं ते 'फन शिप' म्हणून चाललं आणि मग बंद पडलं. त्याच्या पोटात त्या काळची आर्केड मशिनं तशीच राहून गेली. २०११ च्या सुमारास ब्रिटिश संग्राहकांनी मालकाशी बोलणी करून ती क्रेनने जहाजावरून उतरवली. समुद्राच्या खाऱ्या हवेत तीन दशकं काढलेली मशिनं घेऊन ती माणसं घरी गेली आणि एकेक तार स्वच्छ करत बसली. त्या सुटकेची छायाचित्रं मी पाहिली तेव्हा मला या छंदाबद्दल जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे. कंपन्यांनी टाकून दिलेली आणि संग्रहालयांनी अजून हात न लावलेली एक वस्तू सामान्य पगारदार माणसांनी वाचवली.

या छंदात खेळण्याचा वेळ सगळ्यात कमी असतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. वेळ जातो दुरुस्तीत. रोबोट्रॉन १९८२ चा, युजीन जार्व्हिस आणि लॅरी डीमार यांनी रचलेला. एक जॉयस्टिक चालायला, दुसरी गोळ्या झाडायला, खेळताना दाबायचं बटण एकही नाही. त्याच्या बोर्डावर ४११६ जातीच्या २४ मेमरी चिप आहेत. या चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पाच, बारा आणि उणे पाच. त्यातलं उणे पाच गेलं आणि बाकीची दोन चालू राहिली तर चिप जळतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या पॉवर सप्लायमधला कुठला तरी सांधा सैल होतो आणि पडद्यावर रंगांचा कल्लोळ उठतो. शिवाय सर्वाधिक गुण आणि सेटिंग लक्षात ठेवायला विल्यम्सने बोर्डावरच तीन पेन्सिल सेल बसवले होते. ते सेल कोणी वेळेत काढले नाहीत तर गळतात, आणि त्यातला क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, सर्किटचा कागदी नकाशा आणि चिकाटी एवढ्यावर हे सगळं दुरुस्त होतं. आपण दोष शोधत शोधत एका चिपपाशी पोचतो, ती बदलतो, आणि मशीन स्वतःची तपासणी करून 'सगळं ठीक' म्हणतं. त्या क्षणी जे वाटतं ते खेळून कधीच वाटलेलं नाही.

गॅलागाचं तसंच. त्यात तीन झेड-८० प्रोसेसर एकमेकांशी बोलत असतात आणि शेजारी नामकोच्या स्वतःच्या खास चिप. त्या चिप आता कोणी बनवत नाही. पण हौशी अभियंत्यांनी त्यांचं वागणं अभ्यासून बदली चिप तयार केल्या आहेत. बोर्डाच्या बाबतीत मी निश्चिंत आहे. बोर्ड कागदावर समजतो, आणि जे कागदावर समजतं ते पुन्हा बनवता येतं.

पिक्चर ट्यूबचं तसं नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

या मशिनांचा पडदा म्हणजे जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब. मागून इलेक्ट्रॉनचा किरण सुटतो, आतल्या लेपावर आदळतो, लेप उजळतो. लेप झिजतो. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं दिवसरात्र चालू राहिलेल्या मिस पॅक-मॅनच्या पडद्यावर मशीन बंद असतानाही चक्रव्यूहाच्या रेघा दिसतात, इतक्या त्या लेपात भाजल्या गेल्या आहेत. ट्यूबभोवतीचं सर्किट दुरुस्त करता येतं. सुकलेले कपॅसिटर बदलायचे, फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर बदलायचा. आपल्याकडचे टीव्हीवाले त्याला ईएचटी म्हणत. आधी ट्यूबवर साठलेला वीसेक हजार व्होल्टचा भार जमिनीत सोडायचा आणि मगच हात घालायचा. पण ट्यूबच गेली तर? रस्त्यावर कोणी टाकलेला जुना टीव्ही उचलायचा, त्यातली ट्यूब जुळते का पाहायचं. आमच्यातली कितीतरी माणसं कचऱ्याच्या दिवशी गल्लीतून गाडी हळू चालवतात ती यासाठी.

ट्यूबच्या शेवटाचा एक धागा मराठवाड्यापर्यंत जातो, आणि इथल्या अमेरिकन मित्रांना तो मी आवर्जून सांगतो. रंगीत पिक्चर ट्यूब बाजारात आणण्यात अमेरिकेची आरसीए कंपनी अग्रेसर होती. तिचा टीव्हीचा धंदा पुढे जनरल इलेक्ट्रिकच्या हातून फ्रान्सच्या थॉमसनकडे गेला. २००५ मध्ये थॉमसनने पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले आपले पिक्चर ट्यूबचे कारखाने विकले, आणि ते घेतले औरंगाबादजवळच्या चितेगावात टीव्ही बनवून मोठ्या झालेल्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने. जग चपट्या पडद्यांकडे वळत असताना केलेला तो सौदा होता. भारतासारख्या देशांत ट्यूबचा टीव्ही आणखी बरीच वर्षं विकला जाईल या हिशेबावर तो बेतलेला होता. चपटे पडदे त्या हिशेबापेक्षा फार लवकर स्वस्त झाले. ट्यूबचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन स्वतःच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणासमोर गेली. ट्यूबची भट्टी, काच, लेप, जाळी, निर्वात करण्याची यंत्रणा हे सगळं एकत्र असेल तरच ट्यूब बनते. एखादा हौशी माणूस गॅरेजमध्ये ती बनवू शकत नाही. म्हणजे आज जगात ज्या ट्यूब आहेत, त्याच आहेत.

टेम्पेस्टची तर गोष्टच वेगळी. साध्या टीव्हीत किरण डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, सगळा पडदा विंचरत जातो. टेम्पेस्टमध्ये किरण सरळ रेघ ओढतो: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, मग तिथून पुढे, रंगांत. डेव्ह थुरर यांनी १९८१ मध्ये रचलेला हा खेळ. एका खोल नळीच्या कडेवर आपण, तळातून वर चढत येणारे शत्रू, आणि हातात एक फिरवायचं बोंड. ती रेघ काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर जशी जळते तशी दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर जळत नाही. मी अत्यंत महागडे आधुनिक पडदे पाहिले आहेत. त्यांच्यावर ती रेघ म्हणजे रेघेचं चित्र असतं. या मशीनमधला वेल्स-गार्डनरचा ६१०० जातीचा पडदा बिघडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. किरण वळवणारे ट्रान्झिस्टर जळतात, त्यांच्यामागे पॉवर सप्लाय जातो. सुधारित सुटे भाग आता मिळतात, पण त्यातलं जाणणारी माणसं फार थोडी. मी त्यांच्यातला नाही. माझं टेम्पेस्ट चालू राहिलं आहे ते दोन राज्यं ओलांडून बोर्ड पोस्टाने पाठवता येतो म्हणून आणि पलीकडे एक वयस्क तंत्रज्ञ अजून काम करतो म्हणून.

आता दुसरी बाजू. खेळ वाचवायचा म्हणून मशीन ठेवावं लागतं का? १९९७ च्या फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या बोर्डांवरची प्रत्येक चिप कशी वागते ते संगणकात लिहून काढायचं, म्हणजे मूळ खेळाचा प्रोग्रॅम त्यावर जसाच्या तसा चालतो. जगभरच्या स्वयंसेवकांनी गेल्या अडीच-तीन दशकांत हजारो खेळ असे नोंदवून ठेवले. आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला याचं मोल सांगायला एकच नाव पुरेसं आहे: मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', जो भारतभरच्या पार्लरांत त्यातल्या मुस्तफा या पात्राच्या नावाने ओळखला गेला. पुण्यात शाळेजवळच्या पार्लरमध्ये आम्ही तो खेळलो. तिथले बहुतेक बोर्ड नकली असत हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. अस्सल बोर्डात कॅपकॉमने आवाज सांभाळणारा प्रोसेसर कुलूपबंद केला होता आणि कुलपाची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड नीट चालेनासा होतो. त्याच वर्षी आलेल्या सीपीएस-२ या त्यांच्या पुढच्या बोर्डांत तर सगळा खेळच अशा कुलपात होता. नकलेला धाक बसावा म्हणून केलेली ही सोय प्रत्येक अस्सल बोर्डाच्या मरणाची तारीख ठरवून गेली. २००७ मध्ये त्या कुलपाची रचना उलगडली गेली, आणि पुढे हौशी अभ्यासकांनी मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरायची रीतही शोधून काढली. निर्मात्याने मारून ठेवलेली वस्तू परक्या माणसांनी फुकट काम करून जिवंत केली. माझ्या लेखी या छंदातली ही सर्वांत मोठी कामगिरी आहे, आणि ती करायला तळघर लागलं नाही.

म्हणजे खेळ सुरक्षित आहे. संग्राहक जे जपतो ते उरलेलं: ट्यूबचा उजेड, जॉयस्टिकची ठोस खटखट, पेटीची उंची, बाजूचं चित्र, शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा खांदा. ज्याला फक्त खेळायचं आहे किंवा खोलीत पेटीची शोभा हवी आहे, त्याच्यासाठी २०१८ पासून आर्केड-वन-अप कंपनीच्या पाऊण उंचीच्या, एलसीडी पडद्याच्या पेट्या मॉलमध्ये मिळतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे अस्सल मशिनांवरचा एक चुकीचा भार कमी झाला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी लहानपणी अनेकदा गेलो. केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. संग्रह सोडणं म्हणजे काय, याची माझ्या मनातली पहिली प्रतिमा तीच. पण तिथला अडकित्ता काचेआड असला तरी अडकित्ता म्हणून पूर्ण दिसतो. त्याचा आकार, त्याची नक्षी, त्याची युक्ती डोळ्यांना मिळते. बंद केलेलं गॅलागा काचेआड ठेवलं तर तिथे रंगवलेलं कपाट उरतं. या वस्तूचं अस्तित्वच चालू असण्यात आहे, आणि तेही कोणी अनोळखी माणूस तिच्यासमोर उभा राहण्यात. मी वर म्हटलं तसं, ती सार्वजनिक जागेसाठी बनली होती. आम्ही तिला घरी आणलं कारण सार्वजनिक जागांनी तिला हाकलून दिलं होतं.

त्या जागा आता परत आल्या आहेत, आणि माझा विचार बदलायला सुरुवात झाली ती इथे. न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉट या १९५२ पासूनच्या करमणूक केंद्रात गॅरी व्हिन्सेंट यांनी १९९८ मध्ये अभिजात मशिनांचं संग्रहालय सुरू केलं, जिथे प्रत्येक वस्तूत नाणं टाकून खेळायचं असतं. २००४ मध्ये ब्रुकलिनमध्ये बारकेड निघालं, आणि बार व जुनी मशिनं ही जोडी देशभर पसरली. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर ब्रुकफील्डमध्ये डॉक मॅक यांनी २०१० मध्ये 'गॅलपिंग घोस्ट' उघडलं. दारात एकदा पैसे भरायचे आणि मग दिवसभर हवं ते खेळायचं. नाण्यांचा संबंध नाही. आज तिथे आठशेहून अधिक मशिनं आहेत, दर सोमवारी एक नवं मशीन मांडायची प्रथा आहे, आणि मागे कायम कोणी ना कोणी उघड्या पेटीत डोकं घालून दुरुस्ती करत असतं. तिथे एका शनिवारी मी रोबोट्रॉनसमोर दोन मुली पाहिल्या, बारा-तेरा वर्षांच्या. एकीने डावी जॉयस्टिक धरली होती, दुसरीने उजवी. एक पळत होती, एक गोळ्या झाडत होती, आणि दोघी ओरडत होत्या. असं खेळता येतं हे इतकी वर्षं ते मशीन बाळगून मला सुचलं नव्हतं. मशीनला नवे हात मिळाले की त्यातून नवं काही निघतं. माझ्या तळघरात ते मशीन मला आणि माझ्या पाहुण्यांना मिळून वर्षाकाठी जेवढं भेटतं, तेवढं तिथे एका सुट्टीच्या दुपारी भेटत असेल.

याला विरोधी पुरावाही आहे आणि तो हलका नाही. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी एक प्रचंड पिनबॉल संग्रहालय होतं, शेकडो पिनबॉल आणि आर्केड मशिनांचं. पाम स्प्रिंग्सला हलवण्याचा बेत फसला आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये हजाराहून अधिक मशिनं लिलावात गेली. सार्वजनिक जागेला भाडं असतं, विमा असतो, एका माणसाच्या उत्साहावर तिचा डोलारा असतो. बॅनिंगची मशिनं शेवटी गेली कुठे? बरीचशी पुन्हा खाजगी तळघरांत आणि गॅरेजांत. म्हणजे संग्राहक हा या वस्तूचा मधला मुक्काम आहे, आणि तो मुक्काम पुन्हा पुन्हा लागणार आहे. ज्याने मशीन सोडलं त्याने दुसऱ्या कोणाला तरी तो मुक्काम चालवायला दिला, इतकंच.

मला खुणावणारा दुसरा छंदही याच परिसरातला आहे. माझ्या घरापासून पश्चिमेला गाडीने गेलं की एल्गिन शहर लागतं. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या एल्गिन नॅशनल वॉच कंपनीने इथे शंभर वर्षांत सुमारे सहा कोटी घड्याळं बनवली. १८६७ मधलं पहिलं घड्याळ बी. डब्ल्यू. रेमंड या शिकागोच्या माजी महापौरांच्या नावाचं होतं. ताऱ्यांवरून अचूक वेळ घेण्यासाठी कंपनीने १९१० मध्ये स्वतःची वेधशाळा बांधली. कारखाना १९६० च्या दशकात पाडला गेला, पण घड्याळं घराघरांत राहिली, आणि आजही जुन्या बाजारात अगदी माफक किमतीला मिळतात. यंत्रावर कोरलेल्या क्रमांकावरून ते कोणत्या वर्षी बनलं ते काढता येतं. अमेरिकन कारखान्यांनी सुटे भाग एकसारखे, अदलाबदल करता येण्याजोगे बनवले होते. त्यामुळे मोडक्या एल्गिनचं चाक त्याच जातीच्या दुसऱ्या एल्गिनला बसतं.

मी एका घड्याळजीकडे शिकायला जातो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. यंत्र पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक चाक धुवायचं, खड्यांच्या भोकांत तेलाचा टिपूस सोडायचा, जास्त झाला तरी वाईट, कमी झाला तरी वाईट. शेवटी बॅलन्स चाक जागेवर ठेवलं की ते आपोआप झुलू लागतं. हाताला मिळणारा आनंद तोच, रोबोट्रॉनची चिप बदलल्यावर मिळणारा. वस्तू मुठीत मावते. पोस्टाने पाठवता येते. तिच्यात वीस हजार व्होल्ट नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यांत्रिक घड्याळं आजही जगात बनतात. तेल, अवजारं, शिकवणारे, शिकणारे, सगळी परंपरा जिवंत आहे. मी पंचाहत्तरीलाही ते करू शकेन, जोवर हात स्थिर आहेत तोवर.

पण घड्याळ एका माणसाच्या खिशासाठी बनलेलं असतं. ते चालू झालं की मी ते बायकोला दाखवतो, ती छान म्हणते, आणि मी ते कानाशी धरतो. आर्केड मशीन चालू झालं की घरातले सगळे जिना उतरून येतात. दिवाळीच्या फराळाला येणारी इथली मराठी मुलं, ज्यांना आईवडिलांच्या गप्पांत रस नसतो, ती तळघरात रांग लावतात. आणि थोड्या वेळाने त्यांचे आईवडीलही त्या रांगेत असतात. कोणत्याही घड्याळाने मला हे दिलेलं नाही, देणारही नाही. छंदांची तुलना करताना लोक खर्च, जागा, वेळ यांचे रकाने आखतात. माझ्या वहीत खरा रकाना हा आहे: वस्तू माझ्याकडे असल्याने कोण येतं?

त्यामुळे सगळं सोडायचं की सगळं ठेवायचं, असा विचार मी आता करत नाही. एकेक मशीन वेगळं घेऊन पाहतो. मी ते दुरुस्त करू शकतो का? आणि ते इथे आहे म्हणून दुसऱ्या कोणाला ते नाकारलं जातंय का?

मिस पॅक-मॅन आणि गॅलागा अमेरिकेत अजून भरपूर आहेत. त्यांचे भाग नव्याने बनतात, त्यांना सांभाळणारे शेकडो आहेत. गॅलागा एका तरुण जोडप्याकडे जाणार आहे. दोघं इलेक्ट्रॉनिक्सवाले, नुकतंच घर घेतलेलं. त्यांना मी विकत नसून शिकवत आहे, असं आमचं ठरलं आहे. ते येतात, आम्ही बोर्ड काढतो, नकाशा पसरतो, आणि ते स्वतः दोष शोधतात. एक आर्केड मशीन दुरुस्त करू शकणारी दोन नवी माणसं, ही मला त्या मशीनची योग्य किंमत वाटते. मिस पॅक-मॅनसाठी बरेच जण विचारून गेले. त्यातल्या काहींना ट्यूब काढून आत एलसीडी आणि हजार खेळांचा बोर्ड बसवायचा होता. त्यांना मी नाही म्हटलं. नव्या पेटीत त्यांनी ते खुशाल करावं, अशा पेट्या विकतही मिळतात. भाजलेल्या चक्रव्यूहाची ती ट्यूब माझ्याकडून तरी कचऱ्यात जाणार नाही.

रोबोट्रॉन राहील. त्याच्या चोवीस चिप मला ओळखीच्या आहेत, त्याचं लाकूड धड आहे आणि फराळाला येणाऱ्या मुलांना काहीतरी हवं.

टेम्पेस्टवर मी सर्वांत जास्त विचार केला. ते सार्वजनिक जागी गेलं तर रोज तासन्‌तास चालेल आणि ट्यूब झिजेल. तळघरात महिन्यातून दोनदा लावलं तर ती आणखी वीस वर्षं टिकेल. पण टिकून कोणासाठी? कपॅसिटर न वापरताही सुकतात, तो वयस्क तंत्रज्ञ वीस वर्षं थांबणार नाही, आणि ज्या मुलांनी ती जळती रेघ कधी पाहिलीच नाही ती तिला मागणार कशी? मला वाटतं, अशी ट्यूब लोकांसमोर खर्ची पडलेली बरी. तिला पाहून एखाद्याला ६१०० शिकावासा वाटला, तर पुढच्या टेम्पेस्टला डॉक्टर मिळेल.

म्हणून एका आर्केडच्या चालकांशी माझं बोलणं चाललं आहे. त्यांच्याकडे ट्यूबचं काम जाणणारी दोन माणसं आहेत, ही मी पाहिलेली पहिली गोष्ट. मशीनबरोबर मी सर्किटचे मूळ नकाशे, जपून ठेवलेले ट्रान्झिस्टर, बदली फ्लायबॅक, नाण्यांच्या दाराची किल्ली आणि आजवरच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंदवही देणार आहे. पैशांचा प्रश्न पटकन मिटला. अडलंय ते एका कलमावर. उद्या त्यांना मशीन काढायची वेळ आली तर आधी मला विचारावं, असं मला लेखी हवं आहे. ते म्हणतात, तोंडी शब्द घ्या, कागद नको. जागा विकली गेली तर असले कागद नव्या मालकाला अडचणीचे होतात. त्यांचं म्हणणं मला कळतं. तरी बॅनिंगचा लिलाव डोळ्यांसमोर असताना मी हे कलम सोडणार नाही. बर्फ वितळून ड्राइव्हवे कोरडा होईपर्यंत तसंही ते मशीन जिन्यावरून वर आणता येणार नाही. तोपर्यंत कलमाचा मसुदा मीच लिहून त्यांना पाठवणार आहे.